पेन्याची पिवळी भिंत आणि समोरचा काठ

क्युरासाओला गेलेल्या माणसाने फोटो पाठवला, तर तो कुठला असणार हे न उघडताही सांगता येतं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरचं हे कॅरिबियन बेट, त्याची राजधानी विलेमस्टाड, गावात शिरणारी सिंट अ‍ॅना नावाची चिंचोळी खाडी आणि खाडीच्या काठाला खेटून उभी असलेली रंगीत घरांची रांग. या रांगेला हान्डेल्सकाडे म्हणतात, म्हणजे व्यापारी धक्का. हेरेनस्ट्राटच्या कोपऱ्यावरची पिवळीधमक पेन्या इमारत हा त्या रांगेचा मानाचा गणपती. 1708 साली बांधलेली. लाल कौलं, वळणावळणाची त्रिकोणी माथेपट्टी, पिवळ्या भिंतीवर पांढऱ्या गिलाव्याची वेलबुट्टी. 1997 मध्ये युनेस्कोने विलेमस्टाडचा जुना भाग आणि बंदर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून तर हा कोपरा त्या बेटाचा चेहराच होऊन बसला आहे.

अशा इमारतीचं पुढे काय करायचं, हा प्रश्न तिकडे अधूनमधून उकरला जातो. वसाहतींचा काळ, गुलामांचा व्यापार, त्यातून आलेला पैसा, हे सगळं आता कुणी नाकारत नाही. मग एक बाजू म्हणते, असेल ते असो, इमारत सुंदर आहे, तिच्यावर गावाचं पोट चालतं, तिला हात लावू नका. दुसरी बाजू म्हणते, तिथलं दुकान हलवा आणि संग्रहालय करा. मला दोन्ही पटत नाही. दुकान राहावं, अगदी अत्तरांचं आणि लिपस्टिकचंच राहावं. पण इमारत कोणत्या धंद्याच्या जिवावर उभी राहिली, हे तिच्या दारातच वाचायला मिळालं पाहिजे. आज ते वाचायचं असेल तर खाडी ओलांडून पलीकडच्या काठावर जावं लागतं, आणि माझा सगळा आक्षेप या अंतराला आहे.

आधी धंद्याविषयी. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटांवर ‘निरुपयोगी’ असा शिक्का मारला होता. सोनं नाही, पाऊस बेताचा, जमीन खडकाळ. 1634 मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीने क्युरासाओ घेतलं ते शेतीसाठी नव्हे. त्यांना हवं होतं मीठ आणि त्याहून जास्त ते बंदर. चिंचोळ्या तोंडातून आत गेलं की खाडी एकदम ऐसपैस होते; वाऱ्यापासून आडोसा, शत्रूपासून बचाव आणि समोर हाकेच्या अंतरावर स्पेनच्या ताब्यातला अख्खा दक्षिण अमेरिकेचा किनारा. स्पेनला त्या मुलखात गुलाम हवे होते, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याची स्वतःची ठाणी नव्हती. म्हणून स्पेनचा राजा गुलाम पुरवण्याचा ठेका बाहेरच्या व्यापाऱ्यांना देई. 1662 मध्ये हा ठेका जिनोआच्या व्यापाऱ्यांकडे गेला आणि त्यांना माणसं पुरवायची जबाबदारी वेस्ट इंडिया कंपनीने घेतली. ठिकाण ठरलं क्युरासाओ.

पुढची पन्नासेक वर्षं हे बेट म्हणजे माणसांची वखार होती. डच जहाजांनी एकंदर साडेपाच ते सहा लाख आफ्रिकी माणसं अटलांटिकपार नेली. त्यांतली लाखाच्या आसपास या एका बेटावरून पुढे गेली असं मानतात. अर्धमेल्या अवस्थेत उतरलेल्या माणसांना शहराबाहेर झ्यूरझाकसारख्या तळांवर ठेवायचं, खाऊपिऊ घालून ‘विकाऊ’ करायचं आणि मग कार्ताहेना, पोर्तोबेलोकडे रवाना करायचं. 1675 मध्ये बंदर सर्वांना खुलं झालं. आता व्हेनेझुएलाचा कोको, तंबाखू, कातडी चोरवाटेने इकडे येऊ लागली आणि युरोपचा माल त्याच वाटेने तिकडे जाऊ लागला. ही चोरटी आवक-जावक एवढी फोफावली की ती मोडून काढायला स्पेनने 1728 मध्ये खास कंपनी काढली.

पेन्या इमारत या भरभराटीतली आहे. 1708 म्हणजे गुलामांचा व्यापार अजून जोरात आणि कोकोचा चढता काळ. पुंडातल्या, म्हणजे खाडीच्या पेन्याकडच्या बाजूच्या, व्यापाऱ्यांच्या घरांची ठेवण आपल्या पेठांमधल्या वाड्यांना फार परकी नाही: खाली दुकान आणि माल, वर बिऱ्हाड. वरच्या गच्चीसारख्या सज्जातून खाडीच्या तोंडाशी येणारी शिडं दिसत. पेन्याचा सज्जा पूर्वी एका क्लबाच्या सभासदांची बसायची जागा होता, असंही सांगतात. त्या सज्जात बसलेल्या माणसाला कोणतं जहाज काय घेऊन आलंय हे कळत नव्हतं, असं मानायला मी तयार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण या वादात ती हमखास घसरते. इमारतीला ज्यांचं नाव लागलंय ते पेन्या हे सेफार्डिक, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं, ज्यू घराणं. त्यांची पेढी 1865 ची. क्युरासाओत गुलामी संपली 1 जुलै 1863 ला. म्हणजे गुलाम व्यापाराचं बिल आजच्या दुकानावरच्या पाटीकडे बघून फाडणं सरळसरळ खोटं ठरेल. आणि पुंडाचा इतिहास सांगताना ‘ज्यू व्यापारी’ एवढ्याच शब्दांवर बोट ठेवून मोकळं होण्याची एक घाणेरडी सवयही काही लोकांना असते. इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयांच्या, जाचातून सुटलेल्या सेफार्डिक ज्यूंनी या बेटावर 1651 पासून वस्ती केली, मिकवे इस्रायल-इमॅन्युएल हे त्यांचं 1732 चं सिनेगॉग आजही वाळू पसरलेल्या जमिनीसह उभं आहे. त्यांच्यातल्या सधन लोकांकडे गुलाम होते, तसेच प्रोटेस्टंट डचांकडेही होते, तसेच कंपनीच्या अधिकाऱ्यांकडेही. पण आफ्रिकेतून माणसं आणण्याचा ठेका आणि बंदराची मालकी होती वेस्ट इंडिया कंपनीकडे, म्हणजे नेदरलँड्सच्या सरकारने सनद देऊन उभ्या केलेल्या कंपनीकडे. जाब विचारायचा तर तिथपासून विचारा.

आता ‘इमारतीला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या मनात जी मूळची, अस्सल पेन्या इमारत आहे, ती मुळात अशी कधी होती का? विलेमस्टाडची घरं पूर्वी चुन्याने पांढरी केलेली असत. 1817 मध्ये गव्हर्नर आल्बर्ट किकर्टने पांढऱ्या भिंतींना मनाई केली. भर उन्हात त्या पांढऱ्या झळाळीने डोळ्यांना त्रास होतो, डोकं दुखतं, हे कारण. रंगाच्या दुकानात साहेबांची भागीदारी होती, अशी मल्लिनाथी तिथले लोक हसत हसत करतात. खरी असो नसो, सरकारी अध्यादेशामागे कुणाचं तरी दुकान असतं ही शंका आपल्याला काही नवी नाही. मुद्दा असा की, ज्या पिवळ्या रंगासाठी जगभरातून लोक येतात, तो इमारतीच्या पहिल्या शंभर वर्षांत नव्हताच. गुलामांच्या व्यापाराच्या ऐन काळात ही भिंत पांढरी होती. म्हणजे आपण जपतोय ते नंतर चढवलेलं रूप. त्यात वाईट काही नाही, इमारती अशाच जगतात. पण मग ‘यात काही नव्याने मिळवू नका’ हा हट्ट कशाच्या आधारावर?

शिवाय ती भिंत स्वस्थ बसू देत नाही. या घरांचं बांधकाम बरंचसं समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाचं. मीठ त्या दगडातच मुरलेलं आणि समुद्राच्या वाळूचा चुना वापरला असेल तर त्यातही. खालून ओल चढते, वरून खारा वारा आदळतो, ऊन पडलं की पाणी उडून जातं आणि मीठ भिंतीच्या तोंडावर येतं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको: भिंतीला लोणा लागतो. आधी रंगाला बारीक फोड येतात, मग पापुद्रा सुटतो, बोटाने दाबलं की आतला गिलावा पिठासारखा गळतो. वरून सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते आणि दगडच पोखरला जातो. म्हणून जाणकार तिथे चुन्याचाच गिलावा करतात, भिंतीला श्वास घेऊ देतात आणि काही वर्षांनी पुन्हा सगळं करायची तयारी ठेवतात. हे काम बेटावर नेटाने चालू आहे. स्मारकांची काळजी घेणारी संस्था 1954 पासून आहे, साडेसातशेहून अधिक इमारती संरक्षित आहेत. या कामाबद्दल मला आदरच आहे. फक्त एवढंच, की गिलाव्यावर होणारा खर्च दर वेळी मंजूर होतो आणि इतिहासाच्या दोन ओळींसाठी मात्र ‘इथे नको, तिकडे’ असं उत्तर मिळतं.

तिकडे म्हणजे ओत्रोबांडात. खाडीच्या पुंडा बाजूला व्यापाऱ्यांची घरं आणि दुकानं. पलीकडे ओत्रोबांडा, पापियामेंतूत म्हणजे बेटाच्या बोलीत ‘दुसरी बाजू’. गुलामीवरचं मोठं संग्रहालय, कुरा हुलांडा, 1999 मध्ये या दुसऱ्या बाजूला उभं राहिलं. जेकब गेल्ट डेकर या डच उद्योजकाने ते काढलं, पडझड झालेली वस्ती दुरुस्त करून केलेल्या हॉटेलच्या आवारात. संग्रह चांगला आहे. लोखंडी बेड्या आहेत, जहाजाच्या पोटातल्या जागेची प्रतिकृती आहे. संस्थापकावर टीका करण्याचं कारण नाही; सरकारने जे केलं नाही ते त्याने केलं. पण परिणाम काय झाला? सौंदर्य या काठावर, पाप त्या काठावर. अशी सोयीची वाटणी झाली. क्रूझवरून उतरलेल्या माणसाच्या हातात चार-पाच तास असतात. त्यात तो तरंगता पूल ओलांडतो, पेन्यासमोर फोटो काढतो, अत्तर घेतो, एखादा निळा कॉकटेल पितो आणि जहाजावर परत जातो. त्याने गुलामीविषयी काही वाचायचं तर मुद्दाम ठरवून, तिकीट काढून जायचं. सुट्टीवर आलेल्या माणसाने स्वतःहून बेड्या बघायला जावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

त्या पुलाचाही इतिहास मजेशीर आहे. 1888 मध्ये बांधलेल्या या क्वीन एम्मा पुलावर बरीच वर्षं टोल होता, आणि नियम असा की पायात बूट असेल त्याने पैसे द्यायचे, अनवाणी असेल त्याला माफ. गरीब लोक स्वाभिमानापायी उसने बूट घालून टोल भरत आणि श्रीमंत बूट काखोटीला मारून फुकट जात, असे किस्से तिथे सांगतात. गुलामी संपून पंचवीस वर्षं झाली होती. या बाजूकडून त्या बाजूला जाताना माणसाची ऐपत त्याच्या पायाकडे बघून ठरत होती.

आणि ही दरी जुन्या काळातच राहिली असं नाही. 30 मे 1969 ला शेलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या ठेकेदाराच्या कामगारांचा मोर्चा शहराकडे निघाला. तक्रार साधी होती: तेच काम, पण शेलच्या कामगारापेक्षा कमी पगार. मोर्च्यावर पोलिसांनी गोळी चालवली, कामगार नेता पापा गोडेट जखमी झाला, आणि त्यानंतर पुंडा आणि ओत्रोबांडातली दुकानं पेटली. दोन माणसं गेली. हॉलंडहून नौसैनिक बोलवावे लागले. सरकार पडलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एर्नेस्टो पेट्रोनिया हा डच अँटिल्स बेटांचा पहिला कृष्णवर्णीय पंतप्रधान झाला. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. कित्येक छोट्या दुकानदारांचं त्यात होत्याचं नव्हतं झालं. पण चिडलेल्या लोकांची पावलं नेमकी व्यापारी पेठेकडे का वळली, हा प्रश्न ‘तरुण भडकले होते’ एवढ्याने संपत नाही. त्या पेठेच्या भरभराटीत आपला हिस्सा कधीच नव्हता, ही जाणीव पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत धुमसत होती.

तोडगा काही जगावेगळा नाही. तो खुद्द ॲमस्टरडॅमने करून दाखवला आहे. हेरेनग्राख्त 502 हे तिथल्या महापौरांचं अधिकृत निवासस्थान. सतराव्या शतकात ते बांधलं पाउलस गोडिन या वेस्ट इंडिया कंपनीच्या संचालकाने. 2006 मध्ये त्या घरासमोर, दारातच, एक दगड बसवला गेला. घराच्या पहिल्या मालकाचा गुलाम व्यापाराशी काय संबंध होता, हे त्यावर लिहिलं आहे. घर पाडलं नाही, महापौरांना बाहेर काढलं नाही, संग्रहालयही केलं नाही. येणारा-जाणारा पाहुणा तो दगड ओलांडून आत जातो. जे ॲमस्टरडॅमच्या महापौराला झेपतं ते विलेमस्टाडच्या धक्क्याला झेपणार नाही, असं कोण म्हणेल?

असा दगड पेन्याच्या कोपऱ्यावर, धक्क्याच्या फरसबंदीत बसवावा. भिंतीवर नाही. भिंत खाजगी आहे, वारसा म्हणून संरक्षित आहे, आणि दुकानदाराच्या परवानगीचा घोळ सुरू झाला की प्रकरण दहा वर्षं लोंबकळणार. फरसबंदी सार्वजनिक. त्यावर काय लिहायचं? विशेषणं नकोत, ‘काळं पान’ वगैरे तर अजिबात नको. 1634 मध्ये कंपनी आली. 1662 पासून या बंदरातून आफ्रिकी माणसं विकायला पाठवली गेली, लाखाच्या आसपास. 1795 च्या ऑगस्टमध्ये तुला नावाच्या गुलामाने क्निप मळ्यावर काम थांबवलं, बंड बेटभर पसरलं, 3 ऑक्टोबरला त्याला हालहाल करून मारलं. 1863 मध्ये गुलामी संपली. सरकारने मालकांना दर माणसामागे 200 गिल्डर भरपाई दिली, सुटलेल्यांना काही दिलं नाही. ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्यापारी धक्क्यावर व्यापाराच्याच भाषेत, आकड्यांत सांगितलेली. साडेसहा हजारांहून अधिक माणसं त्या दिवशी मोकळी झाली. त्यांची नावं नोंदवह्यांमध्ये आहेत आणि त्या नोंदवह्या आता इंटरनेटवर कुणालाही बघता येतात.

आणि हा मजकूर आधी पापियामेंतूत हवा, मग डच, इंग्रजी, स्पॅनिशमध्ये. पर्यटकाला लाज वाटावी म्हणून हा खटाटोप नाही. त्या धक्क्यावरून रोज कामाला जाणाऱ्या मुलीला, जी कदाचित त्याच दुकानात अत्तर विकते, आपली पणजी कुठल्या यादीत होती हे तिच्या भाषेत पायाखाली लिहिलेलं दिसावं म्हणून.

पैसा कुणाचा, हा प्रश्न येणारच. 19 डिसेंबर 2022 ला पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी डच सरकारतर्फे गुलामीबद्दल माफी मागितली, 1 जुलै 2023 ला राजे विलेम-अलेक्झांडर यांनी मागितली. तुलाला तर सरकारने त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला, म्हणजे त्याला मारलं त्याच तारखेला, निर्दोष मानून सन्मान परत दिला. जनजागृतीसाठी 20 कोटी युरोंचा निधी जाहीर झाला. एका दगडाला त्यातले किती लागतील? माफी ॲमस्टरडॅम आणि द हेगमध्ये मागून झाली. ती ज्या बंदराबद्दल होती तिथे तिचा मागमूस दिसायला हरकत नसावी.

यावर एक खरा, जड आक्षेप आहे आणि तो बेटावरच्याच लोकांचा आहे: ‘दगड नको, काम द्या.’ शेल 1985 मध्ये निघून गेलं, मग व्हेनेझुएलाच्या सरकारी कंपनीने चालवलेला कारखाना 2019 नंतर थंडावला, आणि आता पर्यटन हाच मोठा आधार. त्या आधारावर कुऱ्हाड चालवणारं काहीही करू नका. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. म्हणूनच तर मी दुकान हलवायच्या विरोधात आहे. पुंडातून दुकानं काढून संग्रहालयं भरली, तर तो धक्का संध्याकाळी पाचनंतर ओस पडेल. तीनशे वर्षं ज्या कोपऱ्यावर देवाणघेवाण झाली तिथे ती चालू राहणंच त्या इमारतीला शोभतं. पण दोन ओळी वाचून पर्यटक पळून जातो हे मला पटत नाही. हेरेनग्राख्तवरची गर्दी काही त्या दगडाने कमी केली नाही.

आपल्याला या सगळ्याचं काय पडलंय, असं मराठी वाचक म्हणेल. तर पडलंय, थोडंसं. गिनीच्या किनाऱ्यावर गुलामांची किंमत मोजताना जो माल चाले, त्यात हिंदुस्थानी सुती कापडाचा मोठा वाटा होता. डचांची ईस्ट इंडिया कंपनी गुजरात आणि कोरोमंडलहून कापड ॲमस्टरडॅमला नेई, तिथून ते वेस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढून आफ्रिकेला जाई. विणकराला याची खबर असायचं कारण नव्हतं आणि त्याला दोष देणं वेडेपणाचं आहे. पण पेन्याच्या पायाशी जो दगड बसेल, त्यावरच्या हिशेबातला एक धागा आपल्याकडचा आहे. आजही पुंडात सिंधी व्यापाऱ्यांची दुकानं आहेत, म्हणजे हिंदुस्थान त्या धक्क्यावर दुसऱ्या वाटेनेही पोहोचलेलाच आहे.

डचांचं आपल्याकडचं घर तर वेंगुर्ल्याला आहे. आदिलशाहीच्या मुलखात, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला सोयीची म्हणून सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली. आज तिची पडझड झाली आहे, भिंतींतून झाडं उगवलेली. विलेमस्टाडला इमारत टिकली आणि तिचा इतिहास समोरच्या काठावर ढकलला गेला. वेंगुर्ल्याला इमारतही गेली आणि इतिहासही. वखार पुन्हा बांधा असं मी म्हणणार नाही, रंगवून तिचं हॉटेल तर मुळीच करू नका. आहेत त्या भिंती पावसापासून वाचवल्या आणि आत काय साठवलं जाई, कुणाच्या अंगमेहनतीवर, कुणाकडून कसल्या अटींवर घेतलं जाई, हे तिथे मराठीत लिहिलं तरी पुष्कळ झालं. विलेमस्टाडकडे निदान चुना मळणारे गवंडी, नोंदवह्या आणि माफीचा निधी, तिन्ही हाताशी आहेत. तिथल्या सरकारला फरसबंदीतल्या चार फरशा उचलायचा ठराव तेवढा करायचा आहे.